हिशेब राज्याचा, मान भक्ताचा



साहित्याच्या मांडवातल्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसताच मी एक प्रघात मोडतो. अध्यक्षाने साहित्याच्या सद्यःस्थितीचा आढावा घ्यावा, अशी अपेक्षा असते. मी आज धर्म आणि राज्यसत्ता यांच्या संबंधाविषयी बोलणार आहे. हा विषय साहित्याच्या मांडवात उपरा वाटेल, पण तसा तो नाही. पेशवाईत श्रावण महिन्यात पर्वतीच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ साली राज्य गेले, तरी इंग्रजांनी ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिचा काही भाग पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. मग १८४९ च्या सुमारास लोकहितवादींसारख्या नव्या विचारांच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशातून मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना उत्तेजन द्यावे. पुण्यातल्या सनातन्यांनी गहजब केला. धर्माचा पैसा लौकिक भाषेवर उधळला जातो, अशी त्यांची तक्रार होती. तरीही दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली आणि तिच्या बक्षिसांवर आपल्या आरंभीच्या मराठी गद्याचा एक भाग पोसला गेला. धर्मासाठी बाजूला काढलेल्या पैशावर अखेर हक्क कोणाचा आणि तो ठरवायचा कोणी, या भांडणाचा एक पक्षकार मराठी ग्रंथकारच होता. म्हणून आपल्याला या विषयातून अंग काढून घेता येणार नाही.

या विषयावर बोलताना आपण फार मोठे शब्द वापरतो. एक बाजू ‘निधर्मी’ म्हणते, दुसरी ‘सर्वधर्मसमभाव’ म्हणते. आपल्या संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ आहे, हिंदी उद्देशिकेत ‘पंथनिरपेक्ष’ आहे. या चार शब्दांचे चार अर्थ आहेत आणि त्यांच्या गदारोळात रोजचा व्यवहार नजरेआड होतो. मला दोन साधे शब्द पुरतात : हिशेब आणि मान. कुठल्याही देवस्थानाभोवती या दोन गोष्टी असतात. पेटीत किती पडले, जमीन किती, खंड किती, दागिने किती, खर्च कशावर झाला, दर्शन कोणाला मिळाले आणि कोणाला नाकारले गेले, हा हिशेब. पहिली पूजा कोणाची, पालखीपुढे कोण, खुर्चीवर कोण, नारळ आणि शाल कोणाला, हा मान. माझे म्हणणे एवढेच आहे : आधुनिक लोकशाही राज्याला धर्मसंस्थेचा हिशेब तपासण्याचा हक्क आहे, किंबहुना ते त्याचे कर्तव्य आहे, पण तिथला मान घेण्याचा किंवा वाटण्याचा हक्क त्याला नाही. महाराष्ट्रात गेल्या पाऊणशे वर्षांत राज्याने हिशेबाच्या निमित्ताने देवळात पाऊल टाकले, ते योग्यच केले. पण वही तपासता तपासता ते गादीवर कधी जाऊन बसले, हे आपल्याला कळले नाही.

मानाची आणि मालमत्तेची देवाणघेवाण नवी नाही. पंढरपुरात ‘चौऱ्यांशीचा लेख’ म्हणून ओळखला जाणारा तेराव्या शतकातला यादवकालीन शिलालेख आहे. विठ्ठलाला दान देणाऱ्यांची नावे त्यात कोरली आहेत. रामदेवराव यादव आणि त्याचा करणाधिप हेमाद्री यांचीही त्यात आहेत. राजाने द्रव्य द्यायचे आणि देवाच्या दारातल्या दगडावर नाव मिळवायचे, असा हा उघड सौदा होता. सौद्याची दुसरी बाजू कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणात दिसते. शाहू महाराजांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाही, अशी भूमिका पुरोहितांनी घेतली, तेव्हा महाराजांनी राजोपाध्यांचे वतन काढून घेतले आणि पुढे १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूचे स्वतंत्र पीठच निर्माण केले. त्या वादाला सामाजिक न्यायाची मोठी बाजू होती. शिवाय एक गोष्ट त्यातून लख्ख झाली : मंत्र ज्याच्या तोंडी आहे तो राजाला लहान करू शकतो आणि वतन ज्याच्या हाती आहे तो मंत्राची किंमत ठरवू शकतो. राजेशाहीत हे स्वाभाविकच होते, कारण राजाची वैधता अभिषेकातून येई. लोकशाहीत ती मतपेटीतून येते. मग मतपेटीतून आलेल्या सत्तेला दानपेटीजवळचा मान कशासाठी हवा असतो, हा खरा प्रश्न आहे.

उत्तराआधी पंढरपूरकडेच पाहू, कारण हिशेबाची बाजू तिथे जितकी भक्कम आहे, तितकी क्वचितच कुठे असेल. ज्या वारकरी संप्रदायाने जातीपातीच्या पलीकडचा विठोबा गावोगाव नेला, त्याच विठोबाच्या गाभाऱ्यात अस्पृश्य मानलेल्या भक्ताला १९४७ पर्यंत प्रवेश नव्हता. त्या वर्षी १ मे ते १० मे साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा कुठे दार उघडले. त्याच वर्षी मुंबई प्रांताने हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा केला. दार उघडले तरी पेटी उघडली नव्हती. बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क कायम होते. उत्पन्न गोळा करण्याच्या हक्काचा आपसात लिलाव होई आणि भाविकाच्या ओवाळणीसाठी ओढाताण चाले. सरकारने नाडकर्णी आयोग नेमला, त्याच्या अहवालानंतर १९७३ साली पंढरपूर मंदिरे अधिनियम आला आणि त्याने हे हक्क रद्द केले. कज्जे इतके लांबले, की नव्या मंदिर समितीच्या हाती कारभार येईतो १९८५ उजाडले आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला जानेवारी २०१४ मध्ये. त्यानंतर मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या पुरुषांकडून आणि स्त्रियांकडूनही अर्ज मागवले. १९४७ ते २०१४ म्हणजे सदुसष्ट वर्षे. राज्य बाजूला उभे राहिले असते, तर हे अंतर कापायला आणखी किती पिढ्या लागल्या असत्या, याचा अंदाज आपल्याला करता येतो.

हे सारे संविधानाला धरून होते का? होते. अनुच्छेद २५ धर्माचरणाचे स्वातंत्र्य देतो आणि त्याचबरोबर धर्माचरणाशी निगडित आर्थिक, वित्तीय, राजकीय व इतर लौकिक व्यवहारांचे नियमन करण्याची मुभा राज्याला देतो. सार्वजनिक स्वरूपाची हिंदू धर्मस्थाने सर्व वर्गांना खुली करण्याचीही देतो. मुंबई राज्याने १९५० साली सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा केला आणि धर्मादाय आयुक्त हे पद आपल्या परिचयाचे झाले. या कायद्याला एका जैन न्यासाच्या विश्वस्तांनी आव्हान दिले. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या १९५४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निवाडा आज धुळीत पडला आहे. तो उचलून पुन्हा वाचला पाहिजे. न्यासांची नोंदणी, हिशेबांची तपासणी, त्यासाठी घेतली जाणारी वर्गणी हे सगळे न्यायालयाने वैध ठरवले. पण धार्मिक न्यासावर खुद्द धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त म्हणून बसवण्याची तरतूद मात्र रद्द केली. मी ज्याला हिशेब आणि मान म्हणतो, त्यांच्यातली सीमारेषा न्यायालयाने सत्तर वर्षांपूर्वी इतक्या स्वच्छपणे आखून दिली होती : वही तपासणाऱ्याने गादीवर बसू नये.

राज्याने यावर एक सोयीची वाट शोधली. आयुक्ताला गादीवर बसता येत नसेल, तर गादीवर कोणी बसायचे हे राज्याने ठरवावे. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकासाठी १९८० साली, शिर्डीच्या साईबाबा संस्थानासाठी २००४ साली स्वतंत्र कायदे झाले. प्रत्येकामागे कारभार सुधारण्याचे कारण होते आणि ते बहुतांशी खरेही होते. पण विश्वस्त नेमण्याचा अधिकार शासनाकडे आला आणि महामंडळांच्या नेमणुकांच्या यादीत देवस्थानांची भर पडली. सरकार बदलले, की देवस्थानांच्या समित्या बदलतात. निवडणुकीत तिकीट हुकलेल्याचे पुनर्वसन देवाच्या दारी होते, हे मराठी वृत्तपत्र वाचणाऱ्या कोणालाही नवे नाही. परिणाम हिशेबावरच होतो. सिद्धिविनायकाच्या देणग्यांच्या वाटपाची चौकशी उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या टिपणीस समितीने केली, तेव्हा मदत कोणाला द्यायची याचा निकष म्हणजे वजनदारांची शिफारस, असेच चित्र पुढे आले. शिर्डीला सरकारने नेमलेली व्यवस्थापन समिती २०२२ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला रद्द करावी लागली, कारण नेमणुका नियमांप्रमाणे नव्हत्या. ज्या राज्याने वंशपरंपरागत हक्कदारांना ‘हिशेब दाखवा’ म्हणून सुनावले, त्याच राज्याने नेमलेल्या विश्वस्तांना न्यायालयाने तेच सुनावावे, ही शरमेची गोष्ट आहे.

याहून अवघड उदाहरण निळवंडे प्रकल्पाचे आहे. दुष्काळी गावांना पाणी देणाऱ्या या प्रकल्पाच्या कालव्यांसाठी शिर्डी संस्थानाने पाचशे कोटी रुपये बिनव्याजी द्यावेत, असा निर्णय २०१८ साली झाला. यात वाईट काय, असे कोणीही विचारील. तहानलेल्याला पाणी पाजण्यासारखा धर्म नाही. पण धरणे आणि कालवे बांधणे हे राज्याचे काम आहे आणि त्यासाठी राज्य आपल्याकडून कर घेते. भाविकाने पेटीत टाकलेला रुपया सरकारने नेमलेली समिती सरकारच्याच प्रकल्पाला देते, तेव्हा देणारा आणि घेणारा एकच होतो. हेतू कितीही चांगला असो, डाव्या हाताने उजव्या हाताला दिलेल्या पैशाची पावती तपासायची कोणी? दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांकडे वळला, तेव्हा निदान उघड अर्ज झाला, उघड विरोध झाला आणि जाहीर वादातून वाट निघाली. इथे तो वादच टाळला जातो, ही माझी तक्रार आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप मंदिरमुक्तीवाल्यांचा : सरकारला देवळातून पूर्ण बाहेर काढा, देवळे भक्तांच्या हवाली करा. त्यांच्या बाजूने चिदंबरमच्या नटराज मंदिराचा दाखला दिला जातो. ज्या जानेवारी २०१४ मध्ये पंढरपूरचा निकाल लागला, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने चिदंबरमच्या दीक्षितर पुजाऱ्यांच्या बाजूने निवाडा दिला आणि सांगितले, की कारभारातला दोष दूर करण्यापुरता ताबा घ्यावा, तो कायमचा असू नये. मला हा निकाल मान्य आहे. माझ्या म्हणण्याला तो बळच देतो. पण ‘भक्तांच्या हवाली’ म्हणजे नेमके कोणाच्या? आळंदीहून चालत येणारी शेतकरीण भक्त आहे. तिच्या नावाने ताबा मागणारा तिला विचारून मागतो का? राज्य निघून गेल्यावर रिकामी झालेली गादी भक्ताच्या नव्हे, तर गावातल्या बलदंडाच्या किंवा जुन्या हक्कदाराच्या हाती जाते. राज्याने फक्त देखरेख ठेवायची, अशी वाट गोव्यात दिसते : तिथे देवळांच्या महाजनांची, म्हणजे परंपरागत हक्कदारांची, व्यवस्था आहे. पोर्तुगीज काळातल्या नियमावलीनुसार मामलेदार देवालयांच्या कारभारावर देखरेख ठेवतो आणि मान महाजनांकडे राहतो. तिथे मंत्र्यांनी विश्वस्तपदे वाटण्याचा प्रश्न फारसा येत नाही, पण महाजनकी जन्माने मिळते आणि जन्माच्या भिंतीबाहेरचा भक्त बाहेरच राहतो. तेव्हा नुसता हिशेब तपासून भागत नाही, दार सर्वांना उघडे आहे का हेही राज्याला पाहावे लागते. शनिशिंगणापूरला स्त्रियांच्या प्रवेशाचा प्रश्न आला, तेव्हा २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्याला त्याच्याच १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याची आठवण करून दिली. राज्य नसते तर ती आठवण कोणाला करून द्यायची होती?

दुसरा आक्षेप असा, की हा सगळा बडगा फक्त हिंदू देवळांवर. हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि त्याचा खरा अर्धा भाग झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. विश्वस्तव्यवस्था कायदा सर्व धर्मांना लागू होता, म्हणूनच तर १९५४ चा खटला जैन न्यासाचा होता. वक्फ मालमत्तांसाठी सरकारच्या अखत्यारीतले मंडळ आहे. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यासाठी १९५६ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि तिथल्या मंडळावर सरकारनियुक्त सदस्य वाढवण्याचा प्रयत्न अलीकडे झाला, तेव्हा शीख समाज रस्त्यावर आला. म्हणजे गादीवर आपली माणसे बसवण्याचा मोह राज्याला धर्म पाहून होत नाही. मात्र एकेका श्रीमंत देवळासाठी वेगळा कायदा करून ते ताब्यात घेण्याचा प्रकार प्रामुख्याने हिंदू देवस्थानांबाबत झाला, हे नाकारता येत नाही. यावरचा उपाय दुसऱ्यांच्याही गाद्या ताब्यात घेणे हा नाही. देऊळ, दर्गा, चर्च, गुरुद्वारा, विहार, सर्वांना हिशेबाचा एकच कठोर नियम असावा आणि सर्वांच्या मानापासून राज्याने सारखेच अंतर राखावे.

तिसरा आक्षेप उलट दिशेने येतो : राज्य आणि धर्म यांच्यात पक्की भिंत घाला, हिशेबही नको आणि वारीला सरकारी पैसाही नको. भिंतीची कल्पना मोहक आहे, पण जिथे ती उभारली गेली, तिथेही ती सलग नाही. फ्रान्सने १९०५ साली चर्च आणि राज्य वेगळे केले. तरी पॅरिसचे नोत्रदाम राज्याच्याच मालकीचे राहिले आणि २०१९ च्या आगीनंतर ते पुन्हा उभे करण्याची जबाबदारीही राज्यावरच आली. वारीच्या वाटेवर पिण्याचे पाणी, शौचालये, दवाखाना, वाहतुकीचा बंदोबस्त राज्याने केला, तर ती विठ्ठलाची सेवा नाही, नागरिकांची आहे. लाखो माणसे कुठल्याही कारणाने एकत्र चालू लागली, तरी राज्याला हेच करावे लागेल. टँकर आणि महापूजा यांत फरक आहे. टँकर हक्काचा असतो, महापूजा मानाची असते.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. लोकप्रतिनिधी हेच लोकांचे खरे प्रतिनिधी. त्यांनी विश्वस्त नेमायचे नाहीत, तर कोणी? निवडणुका घ्या म्हणावे, तर पंजाबात १९२५ च्या कायद्यापासून गुरुद्वाऱ्यांच्या समितीची निवडणूक होते आणि ती पूर्णपणे पक्षीय असते. हा पेच खरा आहे. पण विधानसभेवर निवडून देताना मतदाराने रस्ते, पाणी, शाळा यांचा अधिकार दिलेला असतो. देवाच्या गाभाऱ्यात आपल्या वतीने बसण्याचा दिलेला नसतो. त्या मतदारांत देव न मानणारेही असतात. तेव्हा नेमणूक निर्दोष करता येणार नसेल, तर निदान ती कमी मोहाची करता येईल. ज्याच्याकडे राजकीय पक्षाचे किंवा निवडून आलेले पद आहे, तो विश्वस्त होऊ नये. निवड मंत्रालयाने न करता उघड निकषांवर स्वतंत्र मंडळाने करावी. मुदत ठरलेली असावी आणि सरकार बदलल्याने ती संपू नये. शिलकी पैसा कोणत्या कामांना द्यायचा याचे नियम आधी जाहीर व्हावेत आणि सरकारी प्रकल्प त्या यादीत नसावेत. आणि दरवर्षीचा जमाखर्च समजेल अशा मराठीत, दर्शनरांगेत उभ्या असलेल्या माणसाला वाचता येईल अशा ठिकाणी लावावा. चौऱ्यांशीच्या लेखात दात्यांची नावे कोरली होती. आता दानाचे काय झाले तेही लिहिले जाऊ दे.

हे करायला सत्तेचा विरोध का होतो, याचे उत्तर मगाशी राहिलेल्या प्रश्नात आहे : सत्तेला दानपेटीजवळचा मान कशासाठी हवा असतो? मतपेटी सत्ता देते, पण ती पाच वर्षांची असते, तिच्यावर टीका होते, तिचा पराभव होतो. देवाच्या दारातला मान या सगळ्यापलीकडचा वाटतो. तो वादातीततेचा आभास देतो. सत्ताधाऱ्याला हवा असतो तो हाच. पण वादातीत होण्यासाठी गेलेली सत्ता गाभाऱ्यालाच वादात ओढते. आषाढी एकादशीची शासकीय महापूजा मुख्यमंत्र्यांच्या हस्ते होते. २०१८ साली मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले होते आणि मुख्यमंत्र्यांना पूजा करू देणार नाही, अशी भूमिका आंदोलकांनी घेतली होती. आरक्षणाचा प्रश्न मंत्रालयात सुटायचा, न्यायालयात सुटायचा. तो विठ्ठलाच्या पायरीशी आला, कारण राज्याचा मान तिथे ठेवलेला होता. जिथे सत्ता मानासाठी जाते, तिथे तिचे विरोधकही जाब विचारायला जाणारच. यात दोष आंदोलकांचा किंवा एखाद्या मुख्यमंत्र्याचा नाही, तो त्या व्यवस्थेत आहे.

मित्रहो, लेखकांचे काम इथे काय, असे विचाराल. सनदा, शिलालेख, जमाखर्चाच्या वह्या ही आपल्या भाषेची जुनी गद्यसंपत्ती आहे. तिचे वाचन आपण इतिहासकारांवर आणि वकिलांवर सोडून दिले. अधिनियमांचे मराठी वाचवत नाही आणि भक्तिभावाच्या मराठीत आकडा येत नाही. हिशेब आणि श्रद्धा एकाच वाक्यात, एकमेकांचा अपमान न करता, सांगू शकेल असे गद्य ज्या दिवशी आपण लिहू, त्या दिवशी या वादातला अर्धा आरडाओरडा आपोआप खाली बसेल.

त्या २०१८ च्या एकादशीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. मुख्यमंत्री पंढरपूरला गेले नाहीत. दरवर्षी दर्शनरांगेतून एका वारकरी दांपत्याला मानाचे वारकरी म्हणून निवडले जाते आणि ते मुख्यमंत्र्यांसोबत पूजेला बसते. त्या वर्षी महापूजा त्या दांपत्याच्याच हस्ते झाली. अभिषेक झाला, आरती झाली, रांग पुढे सरकली. विठ्ठलाला काही उणे पडले नाही आणि राज्यालाही पडले नाही. जे त्या वर्षी नाइलाजाने घडले, ते दरवर्षी ठरवून घडावे, एवढेच माझे मागणे आहे. रांगेतल्या माणसाने पूजा करावी आणि राज्याने बाहेरच्या ओवरीत बसून वही तपासावी.